धारेवरची वाट की ओढ्याकाठची?
डोंगरातल्या गावी एकच सकाळ हाताशी असेल, तर वाट कुठली धरावी? दूरवरचा नजारा हवा तर अर्थातच धार. पण नकाशावरच्या अंतराला भुलू नका. सपाटीला तासाला साधारण ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ सालचा हिशेब. तोही न थांबणाऱ्या, दणकट गड्याचा! दुपारी ढग गडगडू लागले की धारेवर आडोसा नाही.

ओढ्याकाठी पल्ला छोटा, वेळ मात्र तेवढाच जातो. दगड हळूच उचलला की आडवा पळणारा खेकडा, पलीकडे शेपटी हलवत बसलेला धोबी पक्षी. पोरं सोबत असतील तर मी ओढाच निवडेन. फक्त वर पाऊस झाला असेल तर पाण्यात उतरू नका.