ई-कोर्ट्स ॲप: कच्च्या कैदेचे दिवस मोजायला किती कामाचं?

शिक्षा लागली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'अजून किती दिवस आत?' निकालाआधी त्याच केसमध्ये आत काढलेले दिवस, म्हणजे कच्ची कैद, शिक्षेतून वजा होतात. कोर्टात याला 'सेट-ऑफ' म्हणतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४२८ होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ४६८ आहे. जुन्या केसेसच्या निकालात अजून ४२८च दिसेल, गोंधळू नका.

हा हिशेब घरबसल्या जमवायला ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी मोफत ॲप चांगलं आहे. १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (कोर्टाच्या नोंदीतला केसचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) टाकला की तारखा, त्या त्या तारखेचं कामकाज आणि चढवलेले आदेश दिसतात. सीमाभागाला याचा खास फायदा आहे. एक केस निपाणीला आणि दुसरी कोल्हापूरला असली, तरी दोन्ही एकाच ॲपमध्ये सापडतात. नावाने शोधताना मात्र इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा.

खरी गफलत सुरुवातीच्या दिवसांत होते. अटकेनंतरचे रिमांड, म्हणजे कोठडीचे आदेश, गुन्हा (एफआयआर) क्रमांकावर चालतात. दोषारोपपत्र आलं की केसला नवा क्रमांक पडतो, आणि सेशन्सकडे वर्ग झाली की पुन्हा दुसरा. फक्त शेवटच्या क्रमांकाचा इतिहास पाहिला तर पहिले महिने गायब असतात. म्हणून पोलीस ठाणे, वर्ष आणि एफआयआर क्रमांक टाकून वेगळा शोध घ्याच.

मग कागदावर तीन रकाने करा: अटक, जामिनावर प्रत्यक्ष सुटका, पुन्हा अटक झाली असल्यास ती तारीख. जामीन मंजूर झाल्याची तारीख धरू नका. जामीनदार मिळेपर्यंत माणूस आतच असतो, ते दिवसही मोजायचे. पोलीस कोठडीही मोजायची, जामिनावर बाहेर असलेले दिवस नाहीत.

प्रत्यक्ष सुटकेची तारीख ॲपवर बहुधा मिळत नाही, आणि इथेच ते कमी पडतं. त्यासाठी कारागृहाचा कोठडी-दाखलाच हवा. बेळगावात म्हणजे हिंडलग्याहून. मध्ये दुसऱ्या जेलला हलवलं असेल तर तिथलाही. ॲपची प्रिंट दाखला म्हणून पुढे करू नका, ती फक्त ताळा करायला.

दोन राज्यांत केसेस असतील तर आणखी जपा. माणूस कोल्हापूरच्या केसमध्ये कळंबा जेलात बंद आहे, एवढ्यावरून निपाणीच्या केसमध्ये दिवस जमा होत नाहीत. निपाणीच्या केसमध्ये अटक दाखवून रिमांड झालेला असला पाहिजे. तसा असेल तर तेच दिवस दोन्ही केसेसमध्ये धरता येतात. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये नजाकत अलीच्या प्रकरणात हे मान्य केलं. त्यामुळे बॉडी वॉरंटवर (जेलमधल्या माणसाला कोर्टात आणायचा आदेश) हजर केल्याची तारीख आणि त्या दिवसाचा आदेश ॲपमधून काढून ठेवा. हे काम ॲप फार छान करतं.

दंडाचं गणित वेगळं. दोन वर्षं कैद, दहा हजार दंड आणि तो न भरल्यास तीन महिने, असा निकाल असेल तर वजावट दोन वर्षांतून होते. त्या तीन महिन्यांतून एक दिवसही कमी होत नाही. शक्य असेल तर दंड भरून टाका.

निकालाची प्रत कैदेची शिक्षा झालेल्याला तिथल्या तिथे मोफत मिळते. ती कन्नडमध्ये असली तर वकिलाकडून सेट-ऑफची ओळ वाचून घ्या आणि शिक्षेच्या वॉरंटवर दिवस बरोबर उतरलेत का ते पाहा. आकडा चुकला असेल तर त्याच कोर्टात दुरुस्तीचा अर्ज द्या. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा; कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. अपील करायचं असेल तर सेशन्स कोर्टात ३० दिवस, कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात ६० दिवस, आणि कैद्याला ते जेलमधूनही पाठवता येतं.