पुरुष मेळाव्यातील वेदीपुढचे आवाहन: एक अभिप्राय
टेक्सासमधील एका चर्चच्या पुरुष मेळाव्यात उपदेश संपताच पाळकांनी, ज्यांना पश्चात्ताप करून नवी सुरुवात करायची आहे त्यांनी वेदीपुढे यावे, असे आवाहन केले. अमेरिकेत 1830च्या सुमारास ख्रिस्ती धर्मोपदेशक चार्ल्स फिनी यांनी लोकप्रिय केलेल्या रीतीतून आलेली ही प्रथा. एरवी चारचौघांत डोळे पुसायलाही संकोचणारे धिप्पाड पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून गुडघे टेकतात, हे तिचे खरे मोल. मात्र आवाहनाच्या वेळी गायले जाणारे तेच गीत पुन्हा पुन्हा लांबवून मागे बसलेल्यांना अवघडून टाकणे मला पटले नाही. भिडेपोटी पुढे गेलेल्याचा निश्चय कितपत टिकणार? पुढे आलेल्या प्रत्येकाचे नाव कार्डावर लिहून घेऊन त्याला एका ज्येष्ठ सभासदाशी जोडून देतात, ही व्यवस्था उत्तम.