कोट्यांनी भरलेले ताट

पुण्यात आमच्या घराजवळ नव्याने उघडलेल्या एका मराठी थाळीच्या हॉटेलात गेल्या रविवारी आत्याला घेऊन जेवायला गेलो, आणि ताट येईपर्यंत मेनूकार्डच वाचत बसलो. कारण तेथे पदार्थागणिक एक कोटी छापलेली आहे.

त्यांतली पहिली झकास आहे. साजूक तुपाच्या वाटीपुढे ‘आपल्या पोळीवर तूप ओढून घ्या, ३० रुपये’ असे लिहिले आहे. एरवी आपमतलबी माणसाला मारायचा हा टोमणा येथे शब्दशः खरा होतो, तरीही त्याची धार जात नाही; वाटी मागवताना आपण जरा ओशाळतोच. शाळेत श्लेषासाठी ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ हे उदाहरण घोकले होते. त्यात ‘जीवन’ म्हणजे पाणी घ्या की आयुष्य, वाक्य कोठेही लंगडत नाही. तुपाची ओळ त्या कसोटीला उतरते.

‘आम-टी’ मात्र उतरत नाही. शब्द तोडून एक तुकडा हिंदीचा आणि एक इंग्रजीचा केला, की नावापुरता सभंग श्लेष होतो खरा, पण आंब्याच्या चहाचा चिंचगुळाच्या आमटीशी संबंध काय? आत्याने वेटरला ‘हा चहा जेवणानंतर आणा हं’ असे सांगितले, त्यात तिची काहीच चूक नव्हती.

खरी तक्रार ‘कूटनीती’विषयी आहे. हे नाव खमंग काकडीला दिले असून दाण्याच्या कुटावरची कोटी चतुर आहे. परंतु नावाखाली पदार्थाचे वर्णनच नाही, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाला ती कोटी वेळेवर उमगेल, असे मालकांनी कशावरून गृहीत धरले, हे कळत नाही.

बिलाच्या तळाशी ‘कर जोडून कर घेतो’ असे होते. जीएसटीपुरते ते गोड वाटले असते, पण त्याच्या आडून न विचारता १० टक्के सेवाशुल्कही लावले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, हे सांगितल्यावर मॅनेजरने मुकाट्याने काढून टाकले.

भाकरी मऊ, पिठले उत्तम. दारावर ‘आम्ही खाल्ल्या मिठाला जागतो’ अशी पाटी आहे. आमटी इतकी खारट होती, की पाणी पीत रात्री दीडपर्यंत मीच जागलो.