प्रेशर वॉशर घ्यावा की पाइप-बादलीच बरी? चिखलाने माखलेली डर्ट बाइक धुण्याआधी वाचा

ट्रेलवरून आलं की बाइकचा मूळ रंग कोणता होता हे आठवावं लागतं, आणि मग पहिला विचार हाच येतो की यार एक प्रेशर वॉशर घेऊनच टाकू. मीही असाच घेतला. आता दोन्ही गोष्टी घरात आहेत आणि खरं सांगतो, दहापैकी सात वेळा मी पाइप, बादली आणि दोन-तीन ब्रश एवढ्यावरच भागवतो. का ते सांगतो, म्हणजे तुम्हाला ठरवायला सोपं जाईल.

आधी आकडे. नळाच्या पाइपचं प्रेशर साधारण 40 ते 60 पीएसआय (दाब मोजायचं एकक) असतं, घरगुती इलेक्ट्रिक वॉशर 1500-2000 पीएसआयने पाणी मारतो. म्हणजे तीसपट जोर. पण गंमत अशी की पाणी मात्र कमी लागतं, मशीन मिनिटाला 5 ते 8 लिटर घेतं आणि पूर्ण सोडलेला पाइप आरामात 15 लिटर ओततो. त्यामुळे पाण्याची चणचण असेल तर मशीनचा मुद्दा वजनदार आहे, हे मान्य. अर्थात बादली आणि मग्गा वापरणारा या दोघांनाही हरवतो, फक्त कंबर मोडते.

जोर कुठे कामाला येतो? मडगार्डच्या खाली, स्किड प्लेटच्या (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याच्या) आत, टायरच्या रबरी उंचवट्यांमध्ये, पाय ठेवायच्या फूटपेगच्या दातात. तिथे चिकट माती थरावर थर बसते, काही किलो सहज निघते, आणि ब्रश नीट पोचतही नाही. या जागांना मशीन दहा मिनिटांत मोकळं करतं, पाइपने तेच करायला अर्धा तास जातो. इथे वाद नाही.

प्रॉब्लेम बाकीच्या बाइकचा आहे. चाकाच्या बेअरिंगचं सील हे धूळ आणि शिंतोडे अडवायला असतं, हातभर अंतरावरून मारलेला जेट अडवायला नाही. जेट सीलच्या ओठाखालून पाणी आणि बारीक वाळू आत ढकलतो, ग्रीस धुऊन निघतं, पाणी आतच बसतं आणि गंज धरतो. आणि हे दुसऱ्या दिवशी कळत नाही हो, म्हणून तर लोक फसतात. मी एक अख्खा सीझन मस्त चकाचक बाइक फिरवत होतो, मग एक दिवस स्टँडवर लावून पुढचं चाक हलवलं तर खट खट. बेअरिंग काढली तर ग्रीसच्या जागी तपकिरी पाणी. हँडलच्या स्टिअरिंग बेअरिंगचं, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटचं आणि मागच्या लिंकेजचं, म्हणजे मागचा शॉक जोडणाऱ्या सांध्यांचं हेच होतं, त्यातही लिंकेज सगळ्यात खाली असतं, तिथे चिखल जास्त म्हणून आपण जेटही तिथेच जास्त मारतो. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकच्या सीलवर समोरून मारू नका. वायरिंगच्या कनेक्टरवर तर नकोच, आणि स्टिकरच्या कडेवर मारलात तर स्टिकर पानासारखं उडून जाईल.

रेडिएटर वेगळा सांगतो कारण त्याचं नुकसान लगेच दिसतं. त्याच्या पातळ पत्र्याच्या जाळीवर तिरका जेट बसला की ती दुमडते, मग हवा जात नाही आणि हळू चढावर इंजिन तापायला लागतं. इथे पाइपच, तोही मागून पुढे, म्हणजे चिखल जसा आत शिरला तसाच बाहेर येतो.

चेनचंही तसंच. ओ-रिंग चेनमध्ये पिनच्या भोवती रबरी रिंगांनी ग्रीस सीलबंद असतं, बाजूने जेट मारला की तेच सील हरतं. चेनला मऊ ब्रश आणि केरोसीन किंवा चेन क्लीनर, पेट्रोल नको, रबर खातं.

आता पाइपवाल्यांची चूक पण सांगतो. चिखल प्रेशरने निघत नसला तर ते ब्रश घेऊन जोरात घासायला लागतात आणि मातीतली वाळूच प्लॅस्टिकवर सँडपेपरचं काम करते. पाइपने धुवायचं असेल तर खरं काम भिजण्याचं आहे. वरून खाली सगळी बाइक ओली करा, दहा-पंधरा मिनिटं जाऊन चहा प्या, परत ओली करा, मग साबणाचं पाणी, मग ब्रश. अर्धा चिखल आपोआप लोंबायला लागतो. साबण साधा बाइक वॉशचा घ्या, फार कडक डीग्रीजरने (ग्रीस काढायच्या केमिकलने) अॅल्युमिनियमवर डाग पडतात आणि ते मग जात नाहीत.

तिसरा पर्याय म्हणजे चिखल सुकू द्या आणि झटकून टाका. रेताड जागी चालवता तर चालेल, चिकट मातीत अजिबात नाही, तिची वीट होते. फार थकला असाल तर निदान ओली असतानाच नुसतं पाणी मारून ठेवा, बाकीचं उद्या.

काहीही वापरा, आधी इंजिन हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, सायलेन्सरच्या तोंडाला बूच लावा, एअर फिल्टरच्या तोंडात पाणी जाणार नाही बघा. धुतल्यावर बूच काढायचं विसरू नका (हसू नका, होतं असं), मग बाइक थोडी चालू ठेवा, ब्रेक दोन-चार वेळा दाबून बघा, आणि चेन सुकली की लगेच ल्यूब.

मग कोणी काय घ्यावं? महिन्यातून एक-दोनदा जाता, घराशी नळ आहे, तर मशीनचे पैसे वाचवा आणि लांब दांड्याचा एक, बाटली धुवायचा एक आणि जुना टूथब्रश असे तीन ब्रश ठेवा. दर आठवड्याला चिकट मातीत लोळता किंवा दोन-तीन बाइक एकदम धुवायच्या असतात, तर मशीन घ्या, पण नोझल पांढराच म्हणजे 40 अंशाचा, हात पूर्ण लांब करून, आणि फक्त मडगार्ड, स्किड प्लेट, टायरला. लाल म्हणजे 0 अंशाचा नोझल डब्यातून बाहेरच काढू नका, तो बाइकसाठी नाहीच. आणि मशीन घेतलंत तर सोबत चांगलं वॉटरप्रूफ ग्रीस पण आणा, कारण कितीही जपलं तरी लिंकेज आणि चाकाच्या बेअरिंग पाइपवाल्यापेक्षा तुम्हाला लवकर उघडून बघाव्या लागणार आहेत.