टाकीचं झाकण आणि माझे ७१,१००

लिहायची लाज वाटते, तरी लिहितोय. बोटीच्या इंजिनाचा डिझेल पंप न उघडताच त्याच्या दुरुस्तीचे पैसे उकळायचा प्रकार काही नवा नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होता. तरी ७१,१०० गेले.

माझ्या बोटीचं डिझेल इंजिन फुल रेसवर वीस-पंचवीस मिनिटं झकास चालायचं. मग आवाज खाली यायचा, चढायचा, परत खाली, आणि बंद. काळा धूर नाही, तापमानाचा काटा जागेवर. पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही असं चालू. टाकी काठोकाठ भरली की तर आणखी लवकर बंद पडायचं, त्यामुळे मी डिझेललाच शिव्या घालत होतो. दोन्ही फिल्टर बदलले, लाईनची एअर काढली, पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकलाय का तेही पाहिलं. अगदीच अडाणी नव्हतो, एवढं नोंदवून ठेवा.

एकदा दुसऱ्या बोटीमागे बांधून परत यावं लागलं, त्याचे ३,५०० दिले. खडकाकडे सरकणाऱ्या बोटीत बंद इंजिन घेऊन तासभर बसून बघा. त्यानंतर कुणी "मी करून देतो" म्हटलं की माणूस पावती मागत नाही. मी तरी मागितली नाही.

मिस्त्री आला. पाहायचेच १,५००. डिझेल किती आहे बघायला त्याने टाकीचं झाकण फिरवलं आणि लांबलचक फुस्स झालं. मी विचारलं, "हा आवाज कसला?" म्हणाला, "वाफ आहे साहेब. टाकी तापते ना उन्हात."

आता ऐका. त्या वेळी माझ्या हातात फडकं होतं आणि ते टाकीच्या तोंडाशी होतं. ते आत ओढलं गेलं. आत! वाफ असती तर बाहेर उडालं असतं. टाकी हवा आत खेचत होती, म्हणजे तिला श्वास घ्यायची नळी, व्हेंट, बंद होती. डिझेल जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी, म्हणून ती लवकर गुदमरते. शाळेतलं विज्ञान आहे हे. मी ते फडकं झटकलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. रात्री झोप लागत नाही ती त्या घडीमुळे.

त्यालाही तिथेच कळलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. झाकण उघडं ठेवून त्याने धक्क्याला बांधलेल्या बोटीत अर्धा तास इंजिन चालवलं. नीट चाललं. झाकण घट्ट लावलं, थोड्या वेळात बंद. मग मान हलवत म्हणाला, "पंप गरम झाला की प्रेशर सोडतो. टेस्ट बेंचवर चढवावा लागेल." म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर. २०,००० आगाऊ, २२,५०० काम झाल्यावर, सगळे रोख. पंप गोणीत घालून नेला. सहा दिवसांनी निळाशार रंगवून आणला, सोबत डब्यात झिजलेला प्लंजर, म्हणजे पंपातला डिझेल दाबणारा दांडा, "हा तुमचा जुना". कुणाचा होता देव जाणे.

जुना भाग दाखवला म्हणजे काम झालं असं नसतं. पंप सोडायच्या आधी पाटीवरच्या नंबराचा आणि सीलचा फोटो काढा. बेंचवर पंप किती डिझेल देतो ते मोजून जुळवल्याचा, कॅलिब्रेशनचा, कागद मागा. नसेल तर पैसे नाहीत.

चाचणी झकास झाली. आठवडाभर बोट घोड्यासारखी पळाली. मग मी डिझेल भरलं, झाकण नेहमीप्रमाणे घट्ट आवळलं आणि अर्ध्या वाटेत तेच. परत ३,५०० ओढून आणायचे. परत १,५०० पाहायचे. "पंप नवा झाला, आता इंजेक्टर झेपत नाहीत." इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे. १८,६००. तुम्ही हसा. पण ४२,५०० घातल्यावर तिथेच थांबणं जमत नाही, पुढचे पैसे आधीचे वाचवायला जातात.

तिसऱ्यांदा बंद पडलं ते धक्क्यापाशीच. शेजारच्या बोटीवरचे एक म्हातारे चढून आले, झाकण फिरवलं, आवाज ऐकला आणि बाहेरच्या अंगाला व्हेंटच्या तोंडात तार घातली. कुंभारीण माशीचं घर निघालं, वाळलेली माती. पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "झाकण सैल कोण ठेवत होतं?" तेव्हा पेटली ट्यूब. दोन्ही "दुरुस्त्यां"नंतर मिस्त्रीने झाकण अर्धा आटा सैल सोडलं होतं! वर त्या फटीतून खारं पाणी टाकीत गेलं ते वेगळंच, फिल्टरच्या वाटीत तळाशी दोन बोटं पाणी. पंप दुसरीकडे दाखवला. निळ्या रंगाखाली जुनं तारेचं सील जसंच्या तसं, म्हणजे पंप उघडलाच नव्हता.

हे सगळं घेऊन चौकीत गेलो. "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग फसवणूक कशी? दिवाणी बाब आहे." दुसऱ्या दिवशी अर्ज तीन प्रतींत. तिसऱ्या दिवशी साहेब बाहेर. चौथ्या दिवशी एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, इंजिन चौकीत आणता येईल का? बंदराच्या कचेरीत गेलो तर ते नोंदणी बोटीची बघतात, मिस्त्रीची नाही, आणि उलट माझ्याच बोटीवर लाईफ जॅकेट किती ते मोजून सांगा म्हणाले. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पहिला प्रश्न पावतीचा, दुसरा बोट हौसेची की धंद्याची, आणि तिसरा मी ऐकायला थांबलो नाही. सील दाखवलं तर म्हणे, सील तुम्हीच लावलं नाही कशावरून. मी? तारेचं सील? खिशात मोहोर घेऊन फिरतो मी?

इंजिन दम सोडून बंद पडत असेल तर कुणालाही बोलवायच्या आधी झाकण सैल करून चालवा, धक्क्याला बांधूनच. सुधारलं तर व्हेंट बघा. नाही सुधारलं तर वेगळ्या कॅनमधून स्वच्छ डिझेल द्या, टाकी दोषी की पुढचं काही ते तासाभरात कळतं. आऊटबोर्डवाल्यांनो, म्हणजे इंजिन बोटीच्या मागे बाहेर लावणाऱ्यांनो, डिझेल-पेट्रोलच्या नळीवरच्या हातपंपाचा फुगा चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे, आणि सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का ते आधी बघा. काळा धूर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पंखा, भार, हवेचा फिल्टर.

एक गोष्ट राहिली. बोट घोड्यासारखी पळत होती त्या आठवड्यात मी तिघांना या मिस्त्रीचं नाव सुचवलं होतं. त्यातल्या एकाने २०,००० आगाऊ दिले. त्याचा पंप अजून गोणीत आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही.