ठाण्यात पेट-सीटी केला, मशीनला पैकीच्या पैकी, रिसेप्शनला भोपळा

काकांचा हा स्कॅन (कॅन्सरसारखे आजार शोधायला करतात) घोडबंदर रोडच्या एका सेंटरला केला, नाव टाकत नाही. सहा तास उपाशी, शुगर चेक, मग फ्लोरिन-१८ (किरणोत्सर्गी असतं) लावलेल्या ग्लुकोजचं इंजेक्शन आणि तासभर गप्प पडून राहायचं, बडबड पण नको कारण स्नायू वापरले की ग्लुकोज तिकडेच पळतं. टेक्निशियन मुलगी एक नंबर, स्वतःहून ब्लँकेट दिलं, म्हणाली थंडी वाजली तर मानेजवळची चरबी पण स्कॅनमध्ये चमकते.

नुसत्या सीटीत, म्हणजे एक्स-रेनेच, गाठ दिसते पण ती ॲक्टिव्ह आहे का जुना व्रण ते कळायला कठीण, नुसत्या पेटमध्ये जिथे ते ग्लुकोज जास्त ओढलं जातं तिथे चमकतं पण नक्की कुठे ते धूसर, इथे एकाच टेबलवर दोन्ही होतं आणि चित्रं एकावर एक बसतात. मेंदू नि मूत्राशय लखलखताना बघून काकू हादरल्या, पण ते नॉर्मल असतं. काकांचा डाग फुफ्फुसाजवळच्या एका लिम्फ नोडवर (लसिका ग्रंथीवर) बरोब्बर बसला होता. टीबी पण असाच चमकतो, त्यामुळे बायोप्सी लागणारच.

आता रिसेप्शन. इंजेक्शनचं हे किरणोत्सर्गी औषध दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, रोज ताजं गाडीने येतं, गाडी अडकली तर उशीर होणार हे समजू शकतो, पण डायबेटिसवाला माणूस उपाशी बसलाय तर तोंडाने सांगाल की नाही? विचारलं तर "बसा ना काका".

सकाळचाच स्लॉट मागा. आणि त्या दिवशी घरातली लहान मुलं, गरोदर बाई असेल तर पेशंटपासून जरा लांब ठेवा, अंगात किरणोत्सर्ग असतो.