टीव्ही घेता? मंग पहिले टीव्हीच्या मागं वाकून पाहा

लांबलचक लिहून राहिलो, पण यंदा कापसाचे पैसे हातात आले अन घरी मोठा टीव्ही घ्यायचं चालू असन तर वाचून घ्या. मी ३,५०० रुपयांनी गंडलो, टीव्हीत नाही, वायरमध्ये. भाव ७,००० धरला तर अर्धा क्विंटल कापूस झाला तो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, गाव लहान आहे, अन तालुक्याच्या दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही कारण रोज तिकडूनच जाणंयेणं आहे. जानेवारीत कापूस जिनिंगले टाकला. त्याच्या आधी दिवाळीले बाबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यायले आता चकाचक दिसून राहिलं होतं अन रोज एकच धोशा, या डब्यात मले बॉल दिसत नाही, मोठा टीव्ही आण. मंग गेलो. ४३ इंची फोरके टीव्ही २६,५०० ले ठरला, त्यात काही वांधा नाही, टीव्ही चांगला आहे.

पैसे मोजून झाले तवा दुकानदार म्हणे, "भाऊ, वायर कोणती लावता?" म्हटलं घरी आहे ना, जुन्या टीव्हीची. तो हसला अन मले हात धरून दोन टीव्हींसमोर नेलं. एकाच कंपनीचे, एकाच साइजचे, बाजूबाजूले, दोन्हीवर तेच चॅनल. डावीकडचं चित्र पाण्यात बुडाल्यासारखं, खालची अक्षरं फुटलेली. उजवीकडं न्यूजवालीच्या कानातला खडा दिसे. म्हणे "डावीकडं साधी वायर, उजवीकडं ही एटके गोल्डवाली. टीव्ही तोच आहे, फरक वायरचा." वायर होती बी तशीच, बोटाएवढी जाड, वरून जाळी विणलेली, टोकाले पिवळीधमक चमक. छापील किंमत ३,९९९, माझ्यासाठी २,४००.

आता तुम्ही म्हणान येवढा भैताड कसा काय. पण कास्तकाराच्या डोक्यानं विचार करा ना जी. आपल्याले वायर म्हणजे मोटरपंपाची केबल माहीत. बारीक केबल टाकली की व्होल्टेज पडते, मोटर गुरगुरते, मंग वाइंडिंग जळते. जाड वायर म्हणजे चांगली वायर हे आपल्याले जळालेल्या मोटरीनं शिकवलं, अन तो लेकाचा नेमकं तेच धरून बोलला, "पंपाले बारीक वायर लावता का भाऊ?" झालं, काढले २,४००.

दुसऱ्या दिवशी फिटिंगवाला पोट्टा आला. टीव्ही भिंतीले ठोकला, गोल्डवाली वायर टीव्हीत घातली, दुसरं टोक घेऊन सेटटॉप बॉक्सच्या मागं गेला अन तिथंच थांबला. आमच्या बॉक्सले ते चपटं छिद्रच नव्हतं. जुना बॉक्स, मागं फक्त पिवळी, लाल, पांढरी अशी तीन गोल छिद्रं. पोट्ट्यानं दुकानात फोन लावला अन जसा काही आधीच ठरलेला असावा तसा बॅगेतून एक काळी डब्बी काढली. कन्व्हर्टर म्हणे, १,१०० रुपये, इकडून तीन पिना घाला तिकडून एचडी निंघते. दिले ते बी. पाहुणे जमले होते टीव्ही पाहाले, त्यायच्यासमोर काय वाद घालता.

टीव्ही लागला. बाबा खाटेवर बसून पाच मिनिटं पाहत राहिले, एक डोळा झाकला, मंग दुसरा झाकला, अन हळूच मले म्हणे, "डोळा पुन्हा गेला का बे माहा?"

तेवढं ऐकून मले जे वाटलं ते इथं लिहिता येत नाही. दीड महिना आम्ही तसंच धुरकट पाहिलं. दुकानात फोन केला की उत्तर ठरलेलं, चॅनलवाल्याचा प्रॉब्लेम आहे, छत्री हलली असन.

होळीले भाचा आला, अमरावतीले पॉलिटेक्निकले आहे. त्यानं टीव्हीच्या मागं मोबाइलचा टॉर्च मारला अन खाली बसून हसतच सुटला. "मामा, हा बॉक्सच एचडी नाही ना."

त्यानं जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. पिवळ्या पिनेतून चित्र जाते ते जुन्या जमान्याचं, आपल्याकडं ५७६ आडव्या रेघांचं. त्या पिनेतून एचडी जातच नाही, वायर सोन्याची लावा की चांदीची. लाल अन पांढरी तर नुसत्या आवाजाच्या. एचडी म्हणजे ७२० नाहीतर १०८० रेघा, अन ते आणाले बॉक्स एचडी पाहिजे, त्यावर एचडी चॅनलचा पॅक पाहिजे, अन मधात एचडीएमआय वायर, म्हणजे ती चपट्या टोकाची, पाहिजे. तिन्ही असले तरच. लाल, हिरवी, निळी अशा तीन पिनांची एक जुनी वायर असते तिच्यातून बी एचडी जाते म्हणे, पण ती नव्या टीव्हीले बहुतेक लागत नाही, अन तिच्यातली लाल चित्राची, आपल्या घरातली लाल आवाजाची, तो घोळ करू नका. अन ती काळी डब्बी? ती ५७६ रेघांचं चित्र ताणून १०८० च्या चौकटीत बसवते, बस. पातळ वरणात पाणी टाकून गंज भरल्यावानी.

मी म्हटलं अरे पण दुकानात तर दोन टीव्हीत जमीन-अस्मानाचा फरक होता. तवा तो म्हणे, "मामा, डावीकडच्या टीव्हीच्या मागं पाहिलं होतं का तुम्ही?"

नव्हतं ना पाहिलं.

मंग एचडी बॉक्स बदलून घेतला. त्याच्या खोक्यात एचडीएमआय वायर फुकट आली होती, प्लॅस्टिकची साधी, काळी, दीड मीटर. भाच्यानं पहिले ती लावली. न्यूजवालीच्या कानातला खडा दिसला. मंग २,४०० वाली लावली. तोच खडा. मंग त्याच्या लॅपटॉपची, नागपूरले बर्डीवरून १८० ले आणलेली. तोच. बाबाले डोळे झाकाले लावून वायरी अदलून बदलून तीनदा दाखवलं, त्यायले ओळखता नाही आलं, अन मले बी नाही.

पंपाची केबल अन ही वायर, दोन्ही वायरच, पण काम अलग. पंपाले करंट जाते, ही आकडे नेते, शून्य अन एक. भाचा म्हणे ओटीपी सारखं समजा, आला तर पुरा येते, फिका ओटीपी कोणाले येत नाही. वायर खराब असली तर चित्रात ठिपके चमकतात, मधातच काळं होते नाहीतर नो सिग्नल येते. पण रंग फिके, अक्षरं धूसर असं वायरमुळं होत नाही. सोन्याच्या मुलाम्यानं टोक गंजत नाही, तेवढंच. लांब वायर टाकाची असन, पाच मीटरच्या वर, अन फोरके चालवाचं असन तर मात्र बरी वायर पाहा. डब्ब्यावर प्रीमियम हाय स्पीड लिहिलेलं असते (१८ जीबीपीएस), एटके साठी अल्ट्रा हाय स्पीड (४८ जीबीपीएस), अन त्यावर मोबाइलनं स्कॅन कराचं लेबल असते. माझ्या डब्ब्यावर मोठ्या अक्षरात "२.१ व्हर्जन" होतं, लेबल काहीच नाही. वायरले व्हर्जन नंबर नसतोच म्हणे, तो मशिनीचा असते.

तो रिकामा डब्बा घेऊन मी एसटीनं तालुक्याले निंघालो अन बसमध्ये बसल्या बसल्या किमतीच्या स्टिकरले नख लावलं. निंघालं. खाली छापलेलं, ४४९.

बिल मागितलं तर माझ्याजवळ होता तो वहीतला कागूद, त्यावर "टीव्ही + सामान" येवढंच. पक्कं बिल न घेणं ही माझी चूक, जीएसटी वाचते म्हणून मीच हो म्हटलं होतं. दुकानदार म्हणे फोडलेला माल वापस होत नाही. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनले फोन केला, त्यायनं तक्रार लिहून घेतली पण पहिला प्रश्न बिलाचाच. मंग मी दुकानदाराले स्टिकरचा फोटो दाखवला अन म्हटलं छापील किमतीवर दुसरं स्टिकर चिकटवून भाव वाढवणं गुन्हा आहे, हा फोटो वजनमापवाल्यायले पाठवतो. तवा गल्ल्यातून १,१०० काढले, कन्व्हर्टरचे. वायरचे नाही दिले, म्हणे ते तर तुम्ही वापरून राहिले ना भाऊ. वापरूनच राहिलो, काय करता, आता भिंतीत तीच ठोकलेली आहे अन चित्र बी चांगलं येते.

मागच्या आठवड्यात खताच्या चौकशीले गेलो तवा त्याच दुकानापाशी एक म्हातारा अन त्याचा पोरगा दोन टीव्हींसमोर उभे होते. मी आत गेलो, डावीकडच्या टीव्हीच्या मागं वाकलो. पिवळी पिन तशीच होती. त्या पोराले बोटानं दाखवली.